स्टोअर्ड प्रोसिजरच्या मागची हेल्पर फंक्शन्स

एक साधं काम घेऊ. टेबलाचं नाव आणि एक तारीख दिली, की त्या टेबलातल्या त्या तारखेआधीच्या सगळ्या ओळी काढून टाकायच्या. लॉगची टेबलं, जुनी सेशन्स, पाठवून झालेल्या नोटिफिकेशन्स, सगळीकडे हेच काम लागतं. म्हणून ते एकदाच नीट लिहून डेटाबेसच्या आत ठेवायचं आणि हवं तेव्हा नाव घेऊन बोलवायचं. असा आत ठेवलेला कोड म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर. कागदावर हा पाच ओळींचा कोड आहे. प्रत्यक्षात त्या पाच ओळींत इतके खाचखळगे आहेत, की ते पार करायला जवळजवळ प्रत्येक डेटाबेसने स्वतःची हेल्पर फंक्शन्स (मदतीची छोटी तयार फंक्शन्स) दिली आहेत आणि त्यावर आपल्यालाही आपली काही लिहावी लागतात. या लेखात तेच काम पायरी पायरीने करू, म्हणजे कुठलं फंक्शन का लागतं ते आपोआप समजेल.

एसक्यूएल या डेटाबेसशी बोलायच्या भाषेत आपण काय हवं ते सांगतो, कसं करायचं ते डेटाबेस ठरवतो. पण 'आधी हे तपास, मग इतक्या वेळा ते कर, बिघडलं तर थांब' असं सांगायला लूप आणि अटी असलेली भाषा लागते. ती प्रत्येक डेटाबेसची वेगळी: ओरॅकलमध्ये पीएल/एसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल, पोस्टग्रेसमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल. मायएसक्यूएलमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर ५.० या आवृत्तीत, २००५ साली आल्या. पोस्टग्रेसमध्ये बरीच वर्षं फक्त फंक्शन्सच होती, 'कॉल' करून चालवायची प्रोसिजर २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत आली. दोघांतला मुख्य फरक असा, की प्रोसिजरला मध्येच कमिट करता येतं (तोवरचे बदल कायम करता येतात), फंक्शनला येत नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे. उदाहरणं मी मुख्यतः पोस्टग्रेसची घेतो, कारण तिथे या गोष्टी सर्वांत उघडपणे दिसतात.

नाव वेगळं, मूल्य वेगळं

पहिलाच अडथळा हा, की टेबलाचं नाव क्वेरीला पॅरामीटर म्हणून देता येत नाही. तारीख देता येते. टेबल कुठलं हे माहीत नसेल तर डेटाबेसला क्वेरीचा प्लॅनच (ती कशी चालवायची याचा आराखडा) बनवता येत नाही, म्हणून नाव क्वेरीच्या मजकुरातच असावं लागतं. मग आपण तो मजकूर स्ट्रिंग जोडून तयार करतो आणि 'एक्झिक्यूट'ला देतो. याला डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात.

इथे नुसती जोडाजोड केली की तीन गोष्टी बिघडतात. टेबलाचं नाव 'ऑर्डर' असेल तर तो एसक्यूएलचा राखीव शब्द आहे, क्वेरी सिंटॅक्सवरच अडकते. नावात कॅपिटल अक्षरं असतील तर अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव पोस्टग्रेस स्मॉल अक्षरांत बदलतो आणि ओरॅकल कॅपिटलमध्ये, त्यामुळे टेबल समोर असूनही सापडत नाही. आणि नावाच्या जागी कुणी अर्धविराम टाकून पुढे 'ड्रॉप टेबल' लिहून पाठवलं, तर तेही इमानेइतबारे चालवलं जातं. असा बाहेरून कोड घुसवण्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ते फक्त वेबसाइटच्या फॉर्ममधून होतं, प्रोसिजर वापरली की आपण सुरक्षित, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. आत स्ट्रिंग जोडत असाल तर प्रोसिजरही तितकीच उघडी असते.

यावर उपाय म्हणून दोन वेगळी फंक्शन्स आहेत आणि दोघांची अदलाबदल चालत नाही. कोट_आयडेंट हे नावांसाठी: गरज असेल तर नावाभोवती दुहेरी अवतरण लावतं, आत आधीच अवतरण असेल तर ते दुप्पट करतं. कोट_लिटरल हे मूल्यांसाठी: एकेरी अवतरण लावतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नावांसाठी कोटनेम आहे, ते चौकोनी कंस लावतं. मायएसक्यूएलमध्ये मूल्यांसाठी कोट हे फंक्शन आहे आणि नावांसाठी सिस या स्कीमात (टेबलं, फंक्शन्स गटाने ठेवायच्या कप्प्यात) कोट_आयडेंटिफायर. ओरॅकलचं डीबीएमएस_असर्ट हे पॅकेज आणखी एक पाऊल पुढे जातं. त्यातलं एक फंक्शन दिलेल्या नावाची वस्तू डेटाबेसमध्ये खरोखर आहे का तेही तपासतं आणि नसेल तर एरर देतं.

या फंक्शन्सचा स्वभाव माहीत नसला तर तीही फसवतात. कोट_लिटरलला नल (म्हणजे मूल्यच नाही) दिलं की उत्तर नल येतं. नलला काहीही जोडलं की सगळी स्ट्रिंग नल होते आणि एक्झिक्यूट एरर देतं, की चालवायची क्वेरीच नल आहे. त्यासाठी कोट_नलेबल आहे, ते नलच्या जागी 'नल' हा शब्द लिहून देतं. पण त्याने प्रश्न अर्धाच सुटतो, कारण 'कॉलम बरोबर नल' ही अट कधीच खरी ठरत नाही. ओळी शांतपणे शून्य मिळतात. तिथे बरोबरच्या चिन्हाऐवजी 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' लिहावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरच्या कोटनेमला १२८ पेक्षा जास्त अक्षरं दिली तर तेही नल परत करतं, एरर देत नाही.

पोस्टग्रेसमध्ये ९.१ पासून फॉरमॅट हे फंक्शन आलं आणि बहुतेक जोडाजोड त्याने संपवली. एक साचा लिहायचा, त्यात टक्क्याच्या चिन्हापुढे कॅपिटल आय लिहिलं की तिथे नाव बसतं, कॅपिटल एल लिहिलं की मूल्य, आणि स्मॉल एस लिहिलं की मजकूर जसाच्या तसा. आयच्या जागी नल आलं तर फॉरमॅट तिथेच एरर देतं, आणि ते योग्यच आहे. माझा आग्रह असा, की एलसुद्धा शक्यतो वापरू नये. मूल्य मजकुरात घालायचंच कशाला? एक्झिक्यूटला 'यूजिंग' लावून तारीख वेगळी द्या, मजकुरात डॉलरचं चिन्ह आणि १ एवढीच खूण ठेवा. मूल्य मजकुरात शिरलंच नाही तर त्याला अवतरण लावायचा प्रश्नच उरत नाही, शिवाय तारखेचा मजकूर करून परत तारीख करण्याचा फेराही वाचतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल करतं.

आता एक अशी चूक, जी कामाच्या कोडमध्ये सर्रास दिसते. टेबल 'सेल्स' या स्कीमात आहे, म्हणून कुणी नाव म्हणून 'सेल्स.ऑर्डर्स' अशी एकच स्ट्रिंग देतं. आयची खूण ती संपूर्ण स्ट्रिंग एकच नाव समजून अवतरणात टाकते. मग डेटाबेस टिंबासकट नाव असलेलं टेबल शोधतो आणि सांगतो की असं टेबल नाही. वैतागून लोक आय काढून एस लावतात, क्वेरी चालते, आणि इंजेक्शनचं दार पुन्हा उघडतं. खरा उपाय दोन प्रकारे होतो. एक तर स्कीम आणि टेबल ही दोन वेगळी पॅरामीटर घ्यायची आणि साच्यात दोनदा आय लिहायचं. किंवा पॅरामीटरचा टाइपच रेगक्लास ठेवायचा. रेगक्लास म्हणजे पोस्टग्रेसमधली टेबलाची अंतर्गत ओळख. मजकूर रेगक्लासमध्ये बदलताना टेबल अस्तित्वात आहे का ते तपासलं जातं, आणि परत मजकूर करताना अवतरणं आणि गरज असेल तर स्कीमचं नाव आपोआप लागतं. रेगक्लास वापरला की मात्र साच्यात एसच हवा. तिथे आय लावलं तर आधीच अवतरण लागलेल्या नावाला पुन्हा अवतरण लागतं.

किती ओळी गेल्या?

डिलीट झालं. नेमक्या किती ओळी गेल्या हे कळायला हवं. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये फाउंड नावाचा एक तयार व्हेरिएबल आहे, शेवटच्या साध्या डिलीटने काही ओळी काढल्या असतील तर तो खरा होतो. पण डायनॅमिक एक्झिक्यूट फाउंडला हातच लावत नाही. त्याच्यात आधीच्या कुठल्यातरी क्वेरीचं उत्तर तसंच पडून असतं. म्हणून तिथे 'गेट डायग्नोस्टिक्स'ने रो_काउंट घ्यायचा. ही बाब मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेली आहे आणि तरी सर्रास निसटते.

कोट्यवधी ओळी असतील तर एकाच डिलीटमध्ये त्या काढणं बरोबर नाही. लॉक जास्त वेळ धरून राहतात, आणि अर्ध्यात बिघडलं तर सगळं रोलबॅक होऊन (केलेले बदल मागे जाऊन) पहिल्यापासून सुरुवात. म्हणून समजा ५,००० ओळींचे हप्ते करायचे आणि दर हप्त्याला कमिट. पोस्टग्रेसच्या डिलीटला लिमिट लावता येत नाही. आत एक सिलेक्ट लिहून त्याला लिमिट लावतात, ५,००० ओळींच्या सीटीआयडी (टेबलात ओळ कुठे आहे तो पत्ता) घेतात आणि त्या ओळी काढतात.

आता दुसरी गरज अशी: साफसफाई चालवणाऱ्या युजरला त्या टेबलांवर थेट डिलीटचा अधिकार द्यायचा नाही, फक्त या कोडमार्फत द्यायचा. त्यासाठी 'सिक्युरिटी डिफायनर' हा पर्याय आहे. कोड बोलावणाऱ्याच्या नव्हे, तर कोडच्या मालकाच्या अधिकारात चालतो. पण पोस्टग्रेसचा नियम असा, की सिक्युरिटी डिफायनर असलेल्या प्रोसिजरला मध्ये कमिट करता येत नाही. तिला 'सेट' लावून सर्च_पाथ (नुसतं नाव दिलं तर ते कुठल्या स्कीमांत, कुठल्या क्रमाने शोधायचं ती यादी) बांधून दिला तरी येत नाही. आणि कोडच्या ज्या ब्लॉकला एक्सेप्शनचा (एरर पकडण्याचा) भाग जोडलेला आहे, त्याच्या आतही कमिट चालत नाही. म्हणजे हप्ते, अधिकार आणि एरर सांभाळणं या तिन्ही गोष्टी एकाच प्रोसिजरमध्ये कोंबताच येत नाहीत.

इथे हेल्पर ही सोय न राहता गरज होते. एक छोटं फंक्शन लिहायचं, जे एकच हप्ता काढतं आणि किती ओळी गेल्या तो आकडा परत देतं. सिक्युरिटी डिफायनर, बांधलेला सर्च_पाथ, एक्सेप्शन, सगळं त्या फंक्शनवर. बाहेरची प्रोसिजर साधी: फंक्शन बोलव, आकडा शून्य आला तर थांब, नाहीतर कमिट करून पुन्हा बोलव. कामाची अशी विभागणी सुचायला प्रतिभा लागत नाही, हे नियम माहीत असावे लागतात.

अशा फंक्शनच्या बाबतीत तीन गोष्टींवर तडजोड नको. पहिली सर्च_पाथ. तो बांधला नाही तर बोलावणारा स्वतःच्या स्कीमात त्याच नावाचं दुसरं टेबल किंवा फंक्शन ठेवून आपल्या कोडला मालकाच्या अधिकारात ते चालवायला लावू शकतो. सर्च_पाथवरून दुसऱ्याच्या क्वेरीत आपला कोड घुसवण्याच्या याच जातीच्या धोक्याची नोंद सुरक्षा त्रुटींच्या सार्वजनिक यादीत २०१८ साली सीव्हीई-२०१८-१०५८ या क्रमांकाने झाली, आणि पुढे १५ व्या आवृत्तीत पब्लिक स्कीमात कुणालाही वस्तू तयार करता येण्याची जुनी मुभा नव्या डेटाबेससाठी काढून टाकली गेली. सर्च_पाथमध्ये विश्वासाची स्कीम आधी आणि पीजी_टेम्प (तात्पुरत्या टेबलांची स्कीम) मुद्दाम शेवटी लिहावा. दुसरी गोष्ट अशी, की पोस्टग्रेसमध्ये नवं फंक्शन तयार होताच ते चालवण्याचा अधिकार सगळ्यांना मिळतो. तो लगेच काढून घेऊन हव्या त्या रोललाच (युजरला किंवा युजरांच्या गटाला) द्यायचा. तिसरी: टेबलाचं नाव बाहेरून येतंय आणि अधिकार मालकाचे आहेत, म्हणजे मालकाच्या कुठल्याही टेबलातून ओळी काढता येतील. नाव कितीही व्यवस्थित अवतरणात ठेवलं तरी हा धोका जात नाही. ज्या टेबलांची साफसफाई चालेल त्यांची यादी एका टेबलात ठेवायची आणि फंक्शनने ती आधी तपासायची.

लॉग लिहिणारं फंक्शन

प्रत्येक टीम हे फंक्शन लिहिते आणि बहुतेकींचं ऐन वेळी कामाला येत नाही. फंक्शन एका टेबलात नोंद टाकतं: सुरू झालं, इतक्या ओळी गेल्या, ही एरर आली. पण एरर आल्यावर ट्रान्झॅक्शन (एकत्र कमिट किंवा रोलबॅक होणारा बदलांचा गट) रोलबॅक होतं, आणि त्याबरोबर लॉगची ओळही पुसली जाते. ज्या नोंदीसाठी लॉग होता, नेमकी तीच राहत नाही.

ओरॅकलमध्ये याला सरळ उत्तर आहे. फंक्शनला ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनची सूचना लावायची, की ते स्वतःचं कमिट वेगळं करतं, बाहेर काहीही होवो. पोस्टग्रेसमध्ये अशी आतली सोय नाही. तिथे एक तर डीबीलिंक वापरून डेटाबेसशी दुसरं कनेक्शन उघडतात आणि त्यातून नोंद टाकतात, किंवा 'रेझ लॉग'ने मजकूर सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये पाठवतात. फाइलमध्ये गेलेला मजकूर रोलबॅकने परत येत नाही. बहुतेक ठिकाणी मला हाच दुसरा मार्ग पुरेसा वाटतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेबल व्हेरिएबलवर रोलबॅकचा परिणाम होत नाही, म्हणून नोंदी आधी त्यात गोळा करून रोलबॅकनंतर खऱ्या टेबलात उतरवता येतात.

याच फंक्शनमध्ये किती वेळ लागला तेही लिहायचं असतं. सुरुवातीला आणि शेवटी नाऊ घेऊन वजाबाकी केली तर पोस्टग्रेसमध्ये उत्तर शून्य येईल, कारण नाऊ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं आणि ती वेळ त्या ट्रान्झॅक्शनभर तीच राहते. खरं घड्याळ हवं असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प.

एरर गोळा करण्याचं फंक्शन लिहिताना आणखी एक फरक समोर येतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॅचच्या (एरर पकडणाऱ्या भागाच्या) आतून दुसरी प्रोसिजर बोलावली, तर त्या प्रोसिजरलाही एरर_मेसेज वगैरे फंक्शन्सकडून त्याच एररची माहिती मिळते. म्हणून एकच सामाईक प्रोसिजर लिहून सगळीकडून नुसती बोलावता येते. पोस्टग्रेसमध्ये 'गेट स्टॅक्ड डायग्नोस्टिक्स' फक्त एक्सेप्शनच्या भागातच चालतं. त्यातून बोलावलेल्या फंक्शनमध्ये लिहिलं तर ते मान्य होत नाही. म्हणून एररचा कोड, मजकूर, संदर्भ हे सगळं बोलावणाऱ्याने काढून पॅरामीटर म्हणून पाठवायचं. काढताना पाच अक्षरी एसक्यूएलस्टेट न विसरता घ्यावा. मजकुराची भाषा सर्व्हरच्या सेटिंगप्रमाणे बदलू शकते, पण युनिक कन्स्ट्रेंट मोडल्याचा २३५०५ हा कोड बदलत नाही. एरर कुठली हे मजकुरात शब्द शोधून ठरवणारा कोड लिहूच नये.

आणि 'व्हेन अदर्स' (कुठलीही एरर पकड) लावून, एरर गिळून, पुढे जाणारं हेल्पर तर मुळीच नको. त्यातून डेटा बिघडतो आणि तो कधी बिघडला तेही कळत नाही. शिवाय पोस्टग्रेसमध्ये एक्सेप्शन असलेल्या प्रत्येक ब्लॉकसाठी आतून सबट्रान्झॅक्शन उघडलं जातं, म्हणजे लाखो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये ते महागही पडतं.

पायथन आणि पर्लमध्ये

पोस्टग्रेसमध्ये प्रोसिजर पायथन किंवा पर्लमध्येही लिहिता येतात. तिथे भाषा बाहेरची असल्यामुळे डेटाबेसशी बोलायला पूर्ण हेल्पर मॉड्यूलच दिलेलं आहे. पायथनमध्ये त्याचं नाव प्लपाय. त्यात क्वेरी चालवायला एक्झिक्यूट, प्लॅन तयार ठेवायला प्रिपेअर, संदेश द्यायला नोटिस आणि एरर, अवतरणासाठी वर पाहिलेलीच तीन फंक्शन्स. एक्झिक्यूट सगळा निकाल एकदम मेमरीत आणतं, त्यामुळे मोठ्या निकालासाठी कर्सर (निकाल थोडा थोडा आणायची सोय) वापरावा. पर्लमध्येही तीच गोष्ट: एसपीआय_एक्झेक_क्वेरी सगळं एकदम आणतं, एसपीआय_क्वेरी आणि एसपीआय_फेचरो ही जोडी एकेक ओळ देते.

पायथनमध्ये एसडी आणि जीडी या दोन डिक्शनऱ्याही मिळतात. एसडी त्या एका फंक्शनपुरती, जीडी त्या सेशनमधल्या सगळ्या पायथन फंक्शन्सना सामाईक. तयार प्लॅन एसडीत ठेवणं उत्तम. पण युजरची माहिती जीडीत ठेवू नये. कनेक्शन पूल असेल तर एकच सेशन एका युजरनंतर दुसऱ्याच्या वाट्याला जातं, आणि पहिल्याची माहिती दुसऱ्याला दिसू शकते.

कुठे हेल्पर नको

वेगळं फंक्शन काढलं की कोड स्वच्छ दिसतो, म्हणून लोक सिलेक्टच्या आतही फंक्शन्स पेरतात: ग्राहकाचा आयडी दिला की नाव देणारं, रकमेवर कर लावून देणारं. पहिलं फंक्शन आत स्वतःची क्वेरी चालवतं. बाहेरच्या क्वेरीत दहा लाख ओळी असतील तर ती आतली क्वेरी दहा लाख वेळा चालते, जिथे एक जॉइन (दोन टेबलं एकाच क्वेरीत जोडणं) पुरला असता. एसक्यूएल सर्व्हरने २०१९ च्या आवृत्तीत अशी काही फंक्शन्स आपोआप मूळ क्वेरीत मिसळण्याची सोय आणली, पोस्टग्रेसही साध्या एसक्यूएल भाषेतली फंक्शन्स मिसळू शकतो, पण त्यावर विसंबून लिहू नये.

फंक्शनचा स्वभाव डेटाबेसला खराखुरा सांगणंही महत्त्वाचं. पोस्टग्रेसमध्ये इम्म्युटेबल म्हणजे त्याच इनपुटला कायम तेच उत्तर, स्टेबल म्हणजे एका क्वेरीपुरतं तेच, व्होलाटाइल म्हणजे काहीच खात्री नाही. काही सांगितलं नाही तर व्होलाटाइल धरलं जातं. टेबल वाचणाऱ्या फंक्शनला वेगासाठी इम्म्युटेबल म्हटलं तर डेटाबेस तुमच्यावर विश्वास ठेवतो. त्यावर इंडेक्स बनवला आणि नंतर ते टेबल बदललं, की इंडेक्समध्ये जुनी उत्तरं राहतात आणि क्वेरी चुकीच्या ओळी देते. एररही येत नाही.

पॅरामीटरच्या नावांचं बघा. पॅरामीटरचं नाव आयडी, कॉलमचं नाव आयडी, आणि अट 'आयडी बरोबर आयडी'. ओरॅकल दोन्हीकडे कॉलम धरतो, मायएसक्यूएल दोन्हीकडे पॅरामीटर. वाटा उलट्या, परिणाम सारखाच: अट खरी ठरते आणि डिलीट सगळं टेबल साफ करतं. पोस्टग्रेस ९.० पासून अशा ठिकाणी थांबून एरर देतो. पॅरामीटरच्या नावाला 'पी_' जोडायची सवय सगळीकडे उपयोगी पडते.

हेल्पर इतके छोटे असतात, की त्यांची चाचणी कुणी लिहीत नाही. पोस्टग्रेससाठी पीजीटॅप, ओरॅकलसाठी यूटीपीएलएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हरसाठी टीएसक्यूएलटी अशी तयार साधनं आहेत. टेबलाच्या नावाची चाचणी करताना राखीव शब्द, मोकळी जागा, कॅपिटल अक्षरं आणि आत अवतरण असलेलं नाव घ्या. लांब नावही घ्या: पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट्सची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं, म्हणजे मात्रा-वेलांट्या धरून २१ चिन्हांत ती संपते. पुढचा भाग नुसती एक नोटिस देऊन कापला जातो. महिन्यागणिक पार्टिशनची (मोठ्या टेबलाच्या तुकड्यांची) नावं तयार करणाऱ्या हेल्परमध्ये शेवटचा महिनाच कापला गेला तर दोन पार्टिशनांची नावं एकच होतात. मूल्यांमध्ये नल आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही द्या, ओरॅकलमध्ये ती दोन्ही एकच मानली जातात. आणि या चाचण्या सुपरयुजर म्हणून चालवू नका. ज्या मर्यादित अधिकारांच्या रोलने प्रोसिजर रोज चालणार आहे त्याच रोलने चालवा, कारण सुपरयुजरला अधिकारांची तपासणी लागूच होत नाही आणि सिक्युरिटी डिफायनर बसवलाय की विसरलाय हे तिथे दिसतच नाही.